जरासा हात फिरवलाय

आमच्या ह्यांच्याबद्दल कुणी विचारलं, की मी आधी त्यांची चूक सांगते. लोक आधी गुण सांगतात आणि दोष मागून हळूच सरकवतात. माझं उलटं आहे. तर आमच्या ह्यांनी गेल्या बेचाळीस वर्षांत या अख्ख्या भागातल्या माणसांच्या चेहऱ्यांची वयं चोरली. प्रेमानं चोरली, कुणाला न विचारता चोरली, पण चोरली. आणि त्यापायी मी, वय वर्षं एकसष्ट, दोन मुलग्यांची आई, एका नातीची आजी, बाळंतिणींच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई, आठ दिवस अल्पवयीन म्हणून घरात बसले.

आमचा फोटो स्टुडिओ रस्त्याला लागून आहे, दोन पायऱ्या वर. पुढं काउंटर, मध्ये जाड काळा पडदा, पडद्याआड फिरतं स्टूल, राखी कापड आणि दोन छत्रीचे दिवे. त्यामागं एक दार, आणि दारामागं लगेच आमचं स्वयंपाकघर. त्यामुळे मी कांदा परतायला घेतला की तिकडं फोटोला बसलेलं माणूस डोळे चोळतं. आणि हे गिऱ्हाइकाला काय सांगताहेत ते मला इकडं शब्दन् शब्द ऐकू येतं. ‘हनुवटी जरा खाली. खांदे सैल. हं, आता काहीतरी चांगलं आठवा.’ दिवसातून वीस वेळा हेच. सगळे त्यांना फोटोकाका म्हणतात. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा काकाच म्हणतात, आणि हे खुशाल ‘बोला’ म्हणतात.

माणूस तसा गरीब. म्हणजे स्वभावानं. आवाज चढवणं माहीत नाही. गुणगुणतात सारखे, आणि ते इतकं बेसूर, की आमची मांजर उठून बाहेर जाते. पण हातात पेन्सिल आली की हा माणूस कुणाचं ऐकत नाही. रोलचा जमाना होता तेव्हा हे निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायचे, पेन्सिलीला सॅन्डपेपरवर घासून सुईसारखं टोक काढायचे, आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. कागदावर काळी दिसणारी सुरकुती निगेटिव्हवर पांढरी असते. त्या पांढऱ्या रेघेत हळूहळू शिसं भरलं, की फोटो छापताना सुरकुती गायब. डोळ्यांखालची वर्तुळं गायब, देवीचे वण गायब, रात्रीची जागरणं गायब. पुढं कॉम्प्युटर आला. पेन्सिल जाऊन माउस आला, पण खोड तीच राहिली.

बरं, हे कुणाला सांगायचे नाहीत. गिऱ्हाईक पाकीट उघडून बघायचं, एकदम ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, "काका, फोटो फार छान आलाय हो." हे मान खाली घालून म्हणायचे, "उजेड चांगला लागला." घरात जेवताना मात्र माझ्याकडे बघून मिश्कील हसायचे आणि म्हणायचे, "जरासा हात फिरवलाय."

ओळखपत्राच्या फोटोवर हात फिरवायची परवानगी नसते. तसा सरकारी कागद आमच्या स्टुडिओत भिंतीवर आहे, ह्यांनीच चौकट करून लावलाय. त्या कागदाच्या बरोबर खाली कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढं बसून हे बेचाळीस वर्षांचा गुन्हा रोज करत होते. मी म्हणायचे, "अहो, कार्डाच्या फोटोला तरी सोडा." तर म्हणायचे, "अगं, कार्ड माणूस दहा वर्षं खिशात वागवतो. दहा वर्षं रोज स्वतःला दमलेला बघायचा का त्यानं?"

आता माझं सांगते, कारण सगळं अडलं ते माझ्यापाशी. नोकरीतून मोकळी झाल्यावर मला घर खायला उठलं. मोठ्या सुनेनं फोनवर एक तास सुरू करून दिला. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता मी फोनसमोर बसते आणि बाया मला विचारतात. दूध उतरत नाही, टाके दुखतात, बाळ रात्रभर रडतं, मलाच रडू येतं आणि का ते कळत नाही. ज्या गोष्टी डॉक्टरसमोर जिभेवर येत नाहीत आणि सासूसमोर काढायची सोय नाही, त्या मला विचारतात. सहा वर्षं झाली. जुने तास साठवलेले आहेत, बाळाला मांडीवर घेऊन बाया ते ऐकत बसतात. खोटं कशाला बोलू, वॉर्ड सुटल्यावर मला जे जगवलं ते त्या तासानं.

मागच्या वर्षी आमच्या नातीनं, आम्ही तिला खारूताई म्हणतो, दहा वर्षांची आहे, फोनवर घोडा कसा काढायचा ते शोधलं. घोडे सापडले. घोड्यांच्या खालोखाल काहीतरी भलतंच सापडलं. पोर काही बोलली नाही. दोन दिवस फोनला हात लावेना आणि माझ्या पाठीमागून हलेना. तिसऱ्या दिवशी मी वेणी घालत असताना मला विचारते, "आजी, मोठी माणसं एकमेकांना इतकं दुखवतात तेव्हा कुणी थांबवत नाही का?" अठ्ठावीस वर्षं मी माणसाचं सगळं बघितलंय, पण तिची वेणी कशीबशी पुरी केली. रडले मी न्हाणीघरात जाऊन.

त्यामुळे लहान मुलांना असल्या गोष्टींपासून लांब ठेवायचा कायदा यायचाय असं कळलं, तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकून बसले. अकराशे सह्या गोळा केल्या. ह्यांनी माझा टेबलासकट फोटो काढला. कायदा झाला. मोठ्यांसाठी असलेलं काहीही उघडायचं तर आधी वय सिद्ध करायचं. कार्ड दाखवायचं, मग चेहरा दाखवायचा, यंत्र दोन्ही ताडून बघणार, आणि पटलं तरच दार उघडणार. पटलं नाही तर तुम्ही अठराच्या आतले. मी त्या दिवशी गोड केलं होतं घरी.

आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता! कारण माझ्या तासात शरीराबद्दल बोललं जातं, म्हणून तो तासही ‘फक्त प्रौढांसाठी’ या खणात गेला. बाळाला पाजायचं कसं ते सांगणारी मी, आणि खारूताईला रडवणारा तो किळसवाणा प्रकार, एकाच खणात शेजारी शेजारी. चिडले, पण म्हटलं असू दे. पोरांच्या भल्यासाठी आहे, आपण वय सिद्ध करू, आपल्याला काय अवघड आहे, आरसा रोज सांगतोच.

एका शुक्रवारी सकाळी फोनवर सूचना आली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत वय सिद्ध करा, नाही तर तास बंद होईल आणि साठवलेलं सगळं पुसलं जाईल. तीन संधी मिळतील. मी लगेच कार्ड दाखवलं. मान डावीकडं वळवा, वळवली. उजवीकडं वळवा, वळवली. डोळे मिटा, मिटले. उघडून बघते तर लाल अक्षरं. ‘ओळख पटली नाही. उरलेल्या संधी दोन.’

मदतीचा नंबर होता तो फिरवला. एका मुलीनं उचलला, आवाज गोड होता.

"ताई, कार्डावरचा चेहरा अंदाजे एकतीस वर्षांचा दिसतोय. कॅमेऱ्यासमोरचा साठीचा आहे. तुम्ही मुलीचं कार्ड वापरताय असं यंत्रणेला वाटतंय."

"मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत."

"मग सुनेचं असेल."

"अगं बाई, जरा डोकं चालव. कार्डावरची मी असेन तर एकतीस. कॅमेऱ्यातली मी असेन तर साठ. कुठूनही मोजलंस तरी मी अठराच्या वर नाही का?"

मग ती म्हणाली, "तुमचं अगदी बरोबर आहे, ताई. पण कार्ड तुमचं नाही."

मी फोन ठेवला आणि तशीच दार ढकलून पडद्याआड गेले. हे एका गृहस्थांची कॉलर सारखी करत होते.

"अहो, माझ्या कार्डावरच्या फोटोला हात फिरवला होतात?"

ह्यांनी गिऱ्हाइकाकडं बघितलं, छताकडं बघितलं, मग म्हणाले, "जरासा."

"जरासा म्हणजे किती?"

ह्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात चिमूटभर जागा करून दाखवली.

"तेवढ्यात तीस वर्षं मावली?"

ते गृहस्थ स्टुलावरून उठले आणि अदबीनं म्हणाले, "काका, माझा आहे तसाच राहू द्या हं." हे इतके पांढरे पडले होते, की त्यांच्यावरच कुणीतरी हात फिरवलाय असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ओळख पटेपर्यंत तास उघडता येणार नव्हता, तो बुडाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि सोमवारपासून आमच्या दोन पायऱ्यांवर रीघ लागली, कारण या भागातल्या प्रत्येक कार्डावर ह्यांचा हात होता. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, त्या बोलत नव्हत्या, फुत्कारत होत्या. "शाळेतल्या पोरांना आत सोडत नाहीत हे योग्यच आहे, पण मलाही त्यांच्याच रांगेत?" त्यांच्यामागून कोपऱ्यावरची बेकरीवाली आली, ती मात्र बिस्किटांचा डबा घेऊन. तिच्या कार्डावरचा फोटो यंत्रानं सतराचा ठरवला होता. बाई चोपन्नाची आहे. फोनवरचा तो निकाल ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती.

"फोटोकाका, तुमच्या हातांना सोन्यानं मढवायला हवं," ती म्हणाली.

"तुझाही नवीन काढून देतो, बस," हे म्हणाले.

"अजिबात नाही! मला काय अडलंय आत जाऊन? मी बाहेरच बरी आहे. नवऱ्याला सांगितलंय, यापुढं जड पिपं उचलायला लावशील तर बालमजुरीची तक्रार करीन."

सगळे हसले. हे हसले नाहीत. गेले तीन दिवस गुणगुणणंही बंद होतं, मांजर आपली निवांत काउंटरवर झोपलेली. मला माणसाचं न हसणं कळतं, आणि माझाही राग खरा होता, पण जेवताना त्यांनी पानात नुसती बोटं फिरवली तेव्हा तो जरा उतरला. म्हटलं, "झालं ते झालं. माझा एक सरळ साधा फोटो काढा आणि कार्यालयाला पाठवा. हात फिरवायचा नाही. शपथ घ्या." त्यांनी खारूताईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. खारूताई म्हणाली, "आजोबा, तुम्ही शपथ मोडलीत तर मला काही होणार नाही ना?"

फोटो झाला. मान्यता असलेल्या स्टुडिओतून तो थेट कार्यालयात जातो आणि दुसऱ्या दिवशी कार्डावर बदलतो. मंगळवारी बदलला. मी पुन्हा डावीकडं, उजवीकडं, डोळे मिटा. लाल अक्षरं. ‘कार्डावरील चेहरा अंदाजे चव्वेचाळीस. ओळख पटली नाही. उरलेली संधी एक.’

या वेळी मला ओरडावं लागलं नाही. मी नुसती पडद्याजवळ उभी राहिले.

"फक्त उजेड सारखा करायला बसलो होतो," हे म्हणाले. "मग म्हटलं, डोळ्यांखाली जरा. मग हात कधी पुढं गेला कळलंच नाही. पण बघ ना, एकतिसावरून चव्वेचाळीसवर आणलं की नाही?"

"तेरा वर्षं कबूल केलीत. उरलेली सतरा कुठं लपवलीत?"

मला वाटलं, माझा तास गेला. सहा वर्षं, तेवढ्या बाया, त्यांचं सगळं बोलणं, एका माणसाच्या खोडीपायी पुसलं जाणार, आणि तो माणूस माझा नवरा. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी आत जाऊन भांडी आपटली. रिकामीच होती, पण आपटली.

बुधवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी केस विंचरले, साधी साडी नेसले आणि स्टुलावर जाऊन बसले. हे कॅमेऱ्यामागं गेले. दिवे लावले. हनुवटी खाली म्हणाले नाहीत. मग दिवे बंद केले.

"अगं, तू चौकापलीकडच्या स्टुडिओत जा."

ऐकून मी उडालेच. त्या स्टुडिओचं नाव ह्यांनी वीस वर्षांत तोंडातून काढलेलं नाही. त्या बाजूचा फुटपाथसुद्धा टाळतात.

"म्हणजे अकराशे सह्या मी मिळवू शकते, आणि तुमच्याकडून स्वतःचा एक खरा फोटो नाही मिळवू शकत?"

"मला नाही जमत. काढीन, पण मग कॉम्प्युटरपाशी जाईन. मी ओळखतो मला."

"पण का? बाकीच्यांचं कालपासून जमतंय तुम्हाला. मुख्याध्यापिकाबाईंचा काढलात की, हनुवटीवरच्या तिन्ही केसांसकट!"

मी स्टुलावरून उतरले तसे हे त्याच्यावर बसले. गिऱ्हाईक बसतं तसे, हात मांडीवर ठेवून. मग बोट उचलून माझ्या दोन भुवयांच्या मधोमध दाखवलं.

"ही उभी आठी. लग्नात नव्हती. थोरला झाला तेव्हा नव्हती, धाकटा झाला तेव्हाही नव्हती. मी तुझे फोटो काढत आलोय, मला पक्कं ठाऊक आहे. ती तीन वर्षं आहेत ती."

कुठली तीन वर्षं ते मला विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमेरे आले आणि आमच्या पायऱ्या चढणारं माणूस नाहीसं झालं, ती तीन वर्षं. मी वॉर्डात दोन दोन पाळ्या करत होते. सकाळी घरी असले, की पडद्याआडून ह्यांचा आवाज यायचा. ‘हनुवटी जरा खाली. खांदे सैल. हं, छान.’ रोज. दिवसातून पाच, सहा वेळा.

"तुला वाटावं गिऱ्हाईक आहे, म्हणून बोलायचो," हे म्हणाले. "या रिकाम्या स्टुलाशी. तू दमून येऊन झोपलेली असायचीस, म्हटलं हिला एवढा तरी धीर असू दे. आणि तू उठून बाहेर यायचीस तेव्हा ती आठी दिसायची. दर महिन्याला जरा खोल. मी पाडलीय ती. आता यंत्राला बघायचीय म्हणून चारचौघांत मांडू? माझा हात आपोआप जातो तिकडं, मी तरी काय करू?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"स्टूल रिकामं असायचं ते. तिसऱ्याच दिवशी कळलं. गिऱ्हाईक आलं की पायऱ्यांवर पावलं वाजतात. तुमचं बोलणं ऐकू यायचं, पावलं नाही."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांचं तोंड उघडं पडलेलं बघितलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? इतकं छान बोलत होतात त्या स्टुलाशी. माझ्याशी तरी कधी तेवढं बोललात? ऐकत पडायची मी. ऐकता ऐकता झोप लागायची."

हे हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मी पण काही कोरडी नव्हते. पण माझा स्वभाव असा, की रडू आलं की मला आधी राग येतो.

"आणि ऐका आता," मी म्हटलं. "ती तीन वर्षं मी काढलीत. बारीक शिरांत सुया घालताना डोळे ताणून, पाय सुजवून काढलीत, आणि दोन्ही पोरांना काही कळू दिलं नाही. त्यातून एवढी एक रेघ माझ्याजवळ उरलीय. माझी आहे ती. तुम्ही कोण पुसणार?"

हे उठले, मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि दिवे लावले. हनुवटी खाली नाही, काही आठवा नाही. कॅमेऱ्यामागून नुसतं म्हणाले, "बघ माझ्याकडं." मी बघितलं. त्यांनी बटण दाबलं. मग कॉम्प्युटरपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात मागं बांधून, आणि तिथून मला सांगायला लागले. "वरचं हिरवं. आता खालचं. आता ‘पाठवा’ असं लिहिलंय ते. दाब पटकन, दाब!" मी दाबलं. बाळंतपण झालेली बाई सोडते, तसा ह्यांनी श्वास सोडला.

कार्यालयातही आता नव्या फोटोंची रीघ लागली होती; शुक्रवारी दुपारी तीन वाजेपर्यंत कार्डावर फोटो बदलला नव्हता. साडेतीनला बदलला. पाचला दार बंद होणार होतं. काउंटरभोवती मुख्याध्यापिका, हातात पाव घेऊन बेकरीवाली, आणि दप्तर पाठीवर तसंच असलेली खारूताई. मान डावीकडं. मान उजवीकडं. डोळे मिटा. मिटलेले डोळे मला उघडवेनात.

"आजी, हिरवं!" खारूताई किंचाळली.

हिरवंच होतं. ‘चेहरा अंदाजे साठ. ओळख पटली. आपण प्रौढ आहात.’ आयुष्यात मला म्हातारी म्हटल्याचा इतका आनंद कधी झाला नाही. मी बेकरीवालीला मिठी मारली, पाव चेपला. ह्यांनी फोन हातात घेऊन नीट वाचलं आणि म्हणाले, "साठ? एकसष्टच्या जागी साठ? उजेड चांगला लागला." मी त्यांच्याकडं बघितलं तसे दोन्ही हात वर करून म्हणाले, "आईशप्पथ, मी हात लावलेला नाही!"

शनिवारी अकराला मी आतल्या खोलीत फोन उभा केला. दार लोटणार, तेवढ्यात हे आत यायला लागले. तास सुरू असताना हे कोपऱ्यात बसून स्वतःच्या फोनवर तो बघतात, ही सहा वर्षांची रीत. पण या वेळी ह्यांचा फोन काही केल्या उघडेना. तेव्हा उजेड पडला. आठवडाभर लोकांचे चेहरे खरे करत बसलेल्या या माणसानं स्वतःचं कार्ड तसंच ठेवलं होतं, आणि कार्डावर डोकंभर दाट काळे केस. यंत्र म्हणत होतं, ‘हे कार्ड तुमचं नाही.’

खारूताईनं कमरेवर हात ठेवले. "आजोबा, लहान मुलांनी आत नसतं बसायचं. चला, आपण दोघं बाहेर जाऊ." आणि त्यांचं बोट धरून त्यांना चालवत नेलं. ह्यांनी दारातून वळून माझ्याकडं इतकं केविलवाणं बघितलं, पण कायदा म्हणजे कायदा. मीच सह्या गोळा केल्यात.

दर वेळी दोनशे बाया असतात, त्या दिवशी एकतीसच होत्या. बाकीच्यांची कार्डं व्हायची होती. सगळ्यात आधी एक नवीन आवाज आला, फोनवरची तिची चौकट काळी होती. "मावशी, कॅमेरा बंद ठेवून विचारलं तर चालेल का? बाळंत होऊन नऊ दिवस झालेत. काय सांगू, बघण्यासारखी राहिले नाही मी. आरशाला कापड टाकून ठेवलंय."

एरवी मी म्हटलं असतं, चालेल की, विचार. आठ दिवसांपूर्वी तसंच म्हटलं असतं.

"नाही चालणार," मी म्हटलं. "कॅमेरा चालू कर. बघण्यासारखं काय आणि काय नाही, ते मी ठरवते. नऊ दिवसांच्या बाळंतिणी मी अठ्ठावीस वर्षं बघितल्यात."

बराच वेळ ती चौकट काळीच राहिली. मग उजळली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, सुजलेला चेहरा, खांद्यावर दुधाचा ओला डाग, आणि त्या डागाशेजारी तोंड उघडं टाकून झोपलेलं इवलंसं बाळ. पोरगी बाळाला धरून अवघडून बसली होती, नजर खाली.

"अगं, किती सुंदर दिसतेस तू," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. "खरं सांगताय, मावशी?"

"खरंच सांगते. आमच्या घरात खोटं बोलायचं काम माझे यजमान करतात, आणि त्यांना आत्ताच बाहेर काढलंय."

दारापलीकडून एक मोठ्ठं हसू ऐकू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ एक छोटं. ती पोरगीही हसली. हसता हसता रडली. मग एका हातानं नाक पुसून, बाळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन, जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं. एकेक करत बाकीच्या चौकटींतले कॅमेरे चालू व्हायला लागले.